कॅप्टन किडचे दोन परवाने

२३ मे १७०१. लंडनच्या वॉपिंग भागात, थेम्सच्या काठी, जिथपर्यंत ओहोटीचे पाणी उतरते तिथे फाशीचा खांब उभा होता. समुद्रावरील गुन्ह्यांचा न्याय नौदल न्यायालय करी आणि त्या न्यायालयाची सत्ता भरतीच्या पाण्यापर्यंत चाले. म्हणून शिक्षाही त्याच हद्दीत दिली जाई. त्या दिवशी आणलेल्या कैद्यांत विल्यम किड नावाचा एक स्कॉटिश कॅप्टन होता. पायाखालचा आधार निघाला आणि दोर तुटला. किड खाली कोसळला. त्याला उचलून पुन्हा वर चढवण्यात आले आणि दुसऱ्या दोराने पहिल्याचे राहिलेले काम पुरे केले. पुढे त्याचे प्रेत लोखंडी पट्ट्यांत जखडून टिलबरीजवळ नदीकाठी टांगले गेले, येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक जहाजाला दिसेल असे.

किड म्हटले की खजिना आठवतो: वाळूत पुरलेल्या पेट्या, गुप्त नकाशे, कवटीचे निशाण. या धाग्यात त्या खजिन्याविषयी फारसे काही सापडणार नाही. किडचे मरण ज्यांच्यामुळे कदाचित टळले असते, ते फ्रेंच भाषेतले दोन कागद होते आणि ते दोन्ही त्याने हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर मिळवले होते. खटल्यात तो ते पुन्हा पुन्हा मागत राहिला. ते कोर्टापुढे आलेच नाहीत. का आले नाहीत, आणि आले असते तर तो खरोखर निर्दोष ठरला असता का, हे आज पाहू.

किडचा जन्म १६५४च्या सुमाराचा, स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरील डंडी या बंदरातला. त्या काळी इंग्लंड आणि स्कॉटलंड यांचा राजा एक, पण राज्ये दोन, संसदा दोन. इंग्लंडचे नौवहन कायदे स्कॉटिश व्यापाऱ्याला परकाच मानत. वसाहतींचा किफायतशीर व्यापार त्याला उघडपणे करता येत नसे. धाडसी स्कॉटिश दर्यावर्दीपुढे मग एकच वाट उरे, ती म्हणजे दुसऱ्याच्या झेंड्याखाली जहाज हाकण्याची. किडने तीच धरली. फ्रान्सशी युद्ध पेटले तेव्हा तो कॅरिबियन समुद्रात इंग्रजांच्या बाजूने लढला, नाव कमावले. १६९०मध्ये तो किनाऱ्यावर असताना त्याच्याच खलाशांनी त्याचे जहाज पळवून नेले. त्या खलाशांत रॉबर्ट कलिफर्ड नावाचा एक जण होता. हे नाव लक्षात ठेवा.

त्यानंतर किड न्यू यॉर्कमध्ये स्थिरावला. एका श्रीमंत विधवेशी लग्न केले, घरदार झाले. तिथल्या ट्रिनिटी चर्चचे बांधकाम सुरू झाले तेव्हा दगड उचलण्यासाठी त्याने आपली कप्पी आणि दोरखंड वापरायला दिले होते. असा हा प्रतिष्ठित गृहस्थ १६९५मध्ये लंडनला गेला. मनात होते शाही नौदलात एखादे पद मिळवण्याचे. पदरात पडले भलतेच काही.

लंडनमध्ये त्याची गाठ रॉबर्ट लिव्हिंगस्टन या आणखी एका स्कॉटिश माणसाशी पडली. त्याने किडला लॉर्ड बेलोमाँट यांच्याकडे नेले. बेलोमाँट लवकरच न्यू यॉर्कचे गव्हर्नर होणार होते. त्यांनी योजना मांडली: काही बड्या लोकांनी पैसा घालावा, किडने जहाज घेऊन हिंदी महासागरातल्या चाच्यांना पकडावे आणि सापडलेली लूट वाटून घ्यावी. पैसा घालणारे कोण? नौदलाचे प्रमुख ऑर्फर्ड, राज्याच्या मुद्रेचे रक्षक सॉमर्स, शिवाय श्रूजबरी आणि रॉमनी. सगळे व्हिग पक्षाचे आणि सगळ्यांनी आपली नावे पडद्याआड ठेवलेली. तिसऱ्या विल्यम राजाने पैसा घातला नाही, पण दहावा हिस्सा राखून ठेवला.

किडला दोन सनदा मिळाल्या. एक फ्रेंच जहाजे धरण्याची, दुसरी चाच्यांना पकडण्याची. पहिलीचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा, कारण पुढचे सारे त्यावरच उभे आहे. खासगी जहाजाला युद्धकाळात शत्रूची व्यापारी जहाजे लुटण्याची मुभा राजा लेखी देत असे. कागद असेल तर ती लूट कायदेशीर, नसेल तर चाचेगिरी. कृत्य तेच, तोफ तीच, मरणारा माणूसही तसाच.

करारातली मेख मात्र वेगळीच होती. ‘लूट नाही तर पगार नाही’ या अटीवर खलाशी घ्यायचे. आणि मार्च १६९७पर्यंत काहीच हाती लागले नाही तर सारा खर्च किडने भरून द्यायचा. दुसऱ्या सनदेत थॉमस ट्यू या चाच्याचे नाव ठळकपणे होते. राजाने तिच्यावर सही केली त्याच्या काही महिने आधीच ट्यू तांबड्या समुद्राच्या मोहिमेत मारला गेला होता. बातमी लंडनला पोहोचायची होती, इतकेच.

‘ॲडव्हेंचर गॅली’ हे किडचे जहाज ३४ तोफांचे होते. शिडांबरोबर त्याला ४६ वल्हीही होती, म्हणजे वारा पडला तरी ते हलू शकत होते. थेम्समधून बाहेर पडतानाच शाही नौदलाने त्याचे अनेक चांगले खलाशी सक्तीने उचलून नेले. तुटलेली भरती न्यू यॉर्कमध्ये करावी लागली आणि तिथे मिळाले ते लुटीच्या आशेने आलेले लोक. सप्टेंबर १६९६मध्ये सुमारे १५० माणसे घेऊन तो निघाला. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळ शाही नौदलाचा ताफा भेटला. तेही खलाशी मागू लागतील या भीतीने किड एका निर्वात रात्री वल्ही मारत गुपचूप निसटला. आपल्या या निसटण्याचा लोक काय अर्थ लावतील, याचा विचार त्याने केला नसावा. पुढे कोमोरो बेटांवर साथीने आठवड्याभरात त्याची सुमारे ५० माणसे दगावली. जहाज गळू लागले होते. मार्च उलटून गेला होता. हातात एक कवडीही नव्हती.

इकडे आपल्या किनाऱ्यावर काय चालले होते? सप्टेंबर १६९५मध्ये हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने औरंगजेबाचे ‘गंज-इ-सवाई’ हे जहाज लुटले. मक्केहून परतणारे यात्रेकरू त्यावर होते. खाफीखानाने लुटीचा आकडा ५२ लाख रुपये दिला आहे आणि स्त्रियांवर झालेल्या अत्याचारांचेही वर्णन केले आहे. सुरतेत संताप उसळला. ईस्ट इंडिया कंपनीच्या वखारीतले इंग्रज बेड्या घालून कोंडले गेले. बादशहाचा प्रश्न सरळ होता: लुटणारे टोपीकर तुमचे, मग भरपाई कोणी करायची? कंपनीपाशी त्याचे उत्तर नव्हते. यापुढे आणखी एखादे जहाज इंग्रजाच्या हातून लुटले गेले, तर हिंदुस्थानातला व्यापारच आटोपता घ्यावा लागेल, ही धास्ती तिला होती. किड शिरला तो अशा धुमसत्या समुद्रात.

ऑगस्ट १६९७मध्ये तो तांबड्या समुद्राच्या तोंडाशी दबा धरून बसला. मोख्याहून निघालेला यात्रेकरूंचा आणि व्यापाऱ्यांचा ताफा बाहेर येत होता. चाच्यांना पकडायला आलेल्या माणसाला तिथे नेमके काय हवे होते? त्याच्या समर्थकांना या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर आजवर देता आलेले नाही. ताफ्याबरोबर कंपनीचे ‘सेप्टर’ हे संरक्षक जहाज होते. त्याचा कॅप्टन एडवर्ड बार्लो हा साधा खलाशी म्हणून समुद्रावर आलेला आणि आयुष्यभर रोजनिशी लिहिणारा माणूस. ती सचित्र रोजनिशी आजही उपलब्ध आहे. बार्लोने इंग्रजी निशाण चढवून तोफा डागल्या आणि किडने माघार घेतली.

त्यानंतर तो हिंदुस्थानच्या किनाऱ्याकडे वळला. एक छोटे व्यापारी गलबत अडवले. त्याचा इंग्रज कप्तान पार्कर याला वाट दाखवण्यासाठी आणि एका पोर्तुगिजाला दुभाष्या म्हणून बळजबरीने ठेवून घेतले. त्यावरील काही खलाशांना हात बांधून टांगले आणि पैसा कुठे दडवला हे वदवण्यासाठी तलवारीच्या सपाट बाजूने झोडपले. फ्रेंच परवान्याचा इथे संबंधच नव्हता. सप्टेंबरात लाकूडफाटा आणि पाणी भरायला तो कारवारला आला, तेव्हा त्याच्या जहाजावरून पळालेल्या लोकांनी इंग्रज वखारवाल्यांना सारी हकिगत सांगितली. गोव्याच्या पोर्तुगिजांनी त्याच्यावर दोन लढाऊ जहाजे सोडली. त्यांतल्या लहान जहाजाला त्याने चांगलेच खडे चारले. ‘किड चाचा झाला’ ही बातमी आता किनाऱ्यावरून फिरत होती.

जहाजावर तर ठिणगीच पडायची बाकी होती. ‘लॉयल कॅप्टन’ नावाचे एक इंग्रज जहाज समोर आले असता ते लुटायला किडने नकार दिला. खलाशी बिथरले. ३० ऑक्टोबर १६९७ रोजी विल्यम मूर या तोफखान्याच्या माणसाशी त्याची खडाजंगी झाली. तुम्ही आमचे वाटोळे केलेत, असे मूरचे म्हणणे. संतापाच्या भरात किडने लोखंडी कड्यांची लाकडी बादली उचलून त्याच्या डोक्यात घातली. दुसऱ्या दिवशी मूर मेला.

आता ते दोन कागद. नोव्हेंबर १६९७मध्ये किडला एक जहाज दिसले. त्याने फ्रेंच निशाण चढवले. समोरच्या कॅप्टनला वाटले, फ्रेंचच आहेत. त्याने आपल्याजवळचा फ्रेंच परवाना पुढे केला. किडने तत्क्षणी निशाण बदलले आणि जहाज ताब्यात घेतले. ३० जानेवारी १६९८ रोजी कोचीनजवळ हाच डाव पुन्हा खेळला गेला. या वेळी गळाला लागले ते ‘केदाह मर्चंट’ हे मोठे जहाज. बंगालहून सुरतेला जाणारे. त्यावर रेशीम, सुती कापड, साखर, अफू, लोखंड, सोरा. त्याचा कॅप्टन राइट इंग्रज होता, मालाचे व्यापारी आर्मेनियन होते, एक मालक औरंगजेबाच्या दरबारातला अमीर मुखलिस खान होता आणि परवाना फ्रेंच होता. त्या काळच्या हिंदी महासागराचे याहून नेमके चित्र शोधूनही सापडायचे नाही.

इतक्या झेंड्यांची ही खिचडी का? कारण शहाणा व्यापारी मिळतील तितके परवाने जवळ ठेवी आणि समोर निशाण दिसेल त्याप्रमाणे कागद काढी. मराठी वाचकाला हे राजकारण परके नाही. नेमक्या याच काळात कोकण किनाऱ्यावर कान्होजी आंग्रे उदयाला येत होते. त्यांचे दस्तक न घेता जाणारे जहाज ते अडवत; इंग्रज त्यांना चाचा म्हणत आणि मराठी राज्य त्यांना सरखेल म्हणे. दस्तक कोणाचे चालते, यावरच समुद्र कोणाचा हे ठरत होते.

आर्मेनियन व्यापाऱ्यांनी जहाज सोडवण्यासाठी २०,००० रुपये देऊ केले. किडला ती रक्कम अपुरी वाटली. कॅप्टन इंग्रज असल्याचे कळल्यावर आपण जहाज परत करू पाहत होतो, पण खलाशांनी ऐकले नाही, असे त्याने पुढे सांगितले. काही माल त्याने किनाऱ्यावरच विकून पैसे वाटले. फ्रान्सशी तह सप्टेंबर १६९७मध्येच झाला होता. पण दूरच्या समुद्रांत बातमी पोहोचेपर्यंत काही महिन्यांची मुदत तहात ठेवलेली होती. त्यामुळे फ्रेंच परवान्याचे जहाज धरणे, निदान कागदावर, अजून त्याच्या सनदेत बसत होते.

मादागास्करजवळच्या सेंत मारी बेटावर त्याला कोण भेटावा? रॉबर्ट कलिफर्ड. आठ वर्षांपूर्वी जहाज पळवणारा, आता पक्का चाचा झालेला. किडची सनद असल्याच माणसांसाठी होती. पण त्याचे बहुतेक खलाशी त्याला सोडून कलिफर्डलाच जाऊन मिळाले. कुजलेली ‘ॲडव्हेंचर गॅली’ तिथेच टाकून किड मूठभर माणसांनिशी ‘केदाह मर्चंट’ घेऊन अमेरिकेकडे निघाला.

एव्हाना सुरतेत पुन्हा वणवा पेटला होता. कंपनीला बादशहापुढे ठेवायला एक अपराधी हवा होता. डिसेंबर १६९८मध्ये राजाने पूर्वेकडील समुद्रांतल्या चाच्यांना माफी जाहीर केली. तिच्यातून नाव घेऊन वगळलेले दोघे म्हणजे एव्हरी आणि किड. एव्हरी कधीच सापडला नाही. सापडण्यासारखा उरला किड. एप्रिल १६९९मध्ये कॅरिबियन बेटांवर उतरताच त्याला हे कळले. मोठे जहाज तिथेच ठेवून, एक छोटे गलबत विकत घेऊन तो उत्तरेला गेला. वाटेत गार्डिनर बेटावर थोडा ऐवज पुरला (सगळ्या दंतकथांचे मूळ ते एवढेच, आणि तोही लगेच उकरून जप्त झाला) आणि ते दोन फ्रेंच परवाने त्याने बेलोमाँट यांच्याकडे पाठवले. शेवटी हा आपला भागीदार होता. ६ जुलै १६९९ रोजी त्याच भागीदाराने बॉस्टनमध्ये त्याला अटक करवली.

किडला लंडनला आणून न्यूगेटच्या तुरुंगात ठेवले, तोवर पारडे फिरले होते. टोरी पक्षाला व्हिग पुढाऱ्यांची मान पकडायची होती. मार्च १७०१मध्ये किडला संसदेपुढे उभे केले गेले. त्याने आपल्या बड्या भागीदारांवर आरोप करावेत, ही टोरींची अपेक्षा. किडने तसे केले नाही. गप्प राहिलो तर तेच आपल्याला वाचवतील, असा त्याचा हिशेब असावा. यामुळे टोरींना त्याचा उपयोग उरला नाही आणि व्हिगांना तो जिवंत असणेच धोक्याचे वाटत राहिले.

८ आणि ९ मे रोजी खटला चालला. आधी मूरच्या खुनाचा, मग चाचेगिरीचा. त्या काळच्या कायद्याप्रमाणे आरोपीला शपथेवर स्वतःची साक्ष देता येत नसे. वकील बोले तो केवळ कायद्याच्या मुद्द्यावर. किडच्या विरुद्ध मुख्य साक्षी त्याच्याच जहाजावरच्या दोघांच्या होत्या, शल्यवैद्य ब्रॅडिनहॅम आणि खलाशी पामर. दोघे माफीचे साक्षीदार. किड सांगत राहिला: दोन्ही जहाजांवर फ्रेंच परवाने होते, ते मी बेलोमाँट यांना दिले, ते मागवा. बेलोमाँट यांनी ते लंडनला पाठवले होते, संसदेच्या दप्तरात ते दाखलही झाले होते. खटल्याच्या दिवशी मात्र ते कोणालाच सापडले नाहीत. बेलोमाँट स्वतः त्याच वर्षी मार्चमध्ये न्यू यॉर्कला वारले होते. कलिफर्डवरही खटला झाला, तो दोषीही ठरला. पण दुसऱ्या एका खटल्यात साक्षीसाठी उपयोगी म्हणून त्याचा जीव वाचला.

विसाव्या शतकाच्या आरंभी एका अमेरिकन लेखकाला लंडनच्या सरकारी दप्तरखान्यात ते दोन्ही परवाने मिळाले. दोनशे वर्षे ते तिथेच पडून होते. तेव्हापासून किडला निर्दोष ठरवणारी पुस्तके निघू लागली. माझे मत विचाराल तर त्या कागदांनी खटला अन्यायाचा ठरतो, किड निष्पाप ठरत नाही. सनदेप्रमाणे धरलेले जहाज नौदल न्यायालयापुढे नेऊन मगच माल विकायचा असतो. किडने तो कोचीनच्या आसपासच विकून टाकला होता. पार्करच्या खलाशांच्या पाठीवरचे वळ कोणत्याच परवान्याने पुसले जात नाहीत. पण त्याला लटकवणाऱ्यांना या बारकाव्यांशी देणेघेणे नव्हते. जप्त झालेल्या त्याच्या मालमत्तेचे सहा हजारांहून अधिक पौंड पुढे ग्रिनिचच्या नाविक रुग्णालयाला देण्यात आले. ‘केदाह मर्चंट’चे अवशेष २००७मध्ये डॉमिनिकन प्रजासत्ताकाच्या काताlिना बेटाजवळ, अगदी उथळ पाण्यात सापडले.

या कथेचा एक जोडभाग आहे आणि तो किडच्या मायभूमीत घडला. इंग्रजांच्या कंपनीला तोड म्हणून स्कॉटिश संसदेने १६९५मध्ये स्वतःची व्यापारी कंपनी काढली होती. पनामाच्या डॅरिएन किनाऱ्यावर वसाहत करण्याचा तिचा बेत १७००पर्यंत साफ बुडाला आणि देशातल्या असंख्य कुटुंबांची पुंजी त्यात गेली. या नाशाला इंग्रज जबाबदार, अशी स्कॉटिश जनतेची ठाम समजूत झाली. त्याच कंपनीचे ‘स्पीडी रिटर्न’ हे जहाज कॅप्टन रॉबर्ट ड्रमंड यांच्या हाताखाली पूर्वेकडे गेले आणि बेपत्ता झाले. १७०४मध्ये ‘वूस्टर’ हे इंग्रज जहाज मलबार किनाऱ्यावरून परतताना एडिंबरोजवळच्या खाडीत आले, तेव्हा कंपनीने आपल्या एका जप्त जहाजाचा वचपा म्हणून ते धरले. मग खलाशांच्या गप्पांतून कुजबुज उठली: यांनीच मलबारच्या समुद्रात ड्रमंडचे जहाज लुटले आणि माणसे मारली. तरुण इंग्रज कॅप्टन थॉमस ग्रीन आणि त्याच्या साथीदारांना चाचे ठरवून मृत्युदंड सुनावला गेला.

या वेळी कागद हरवले नव्हते. ‘स्पीडी रिटर्न’वरच्या दोन वाचलेल्या खलाशांनी इंग्लंडमध्ये शपथेवर सांगितले होते की आमचे जहाज मादागास्करला चाच्यांनी पळवले, ग्रीनचा त्याच्याशी काही संबंध नाही. ती प्रतिज्ञापत्रे ॲन राणीच्या दरबारातून एडिंबरोला पोहोचली. पण रस्त्यांवर हजारोंचा जमाव ग्रीनच्या रक्तासाठी ओरडत होता. फाशी टळल्याच्या अफवेने खवळून त्याने स्कॉटलंडच्या चॅन्सेलरच्या गाडीवर दगड फेकले. ११ एप्रिल १७०५ रोजी लीथच्या वाळूत, भरतीच्या रेषेच्या आत, ग्रीन आणि त्याच्या दोन साथीदारांना फाशी देण्यात आले. उरलेल्यांना पुढे गाजावाजा न करता सोडून दिले. कॅप्टन ड्रमंड स्कॉटलंडला कधीच परतले नाहीत.